हिमालय, सह्याद्री आणि खडकावर चढणारे खडक : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणातले शिक्षक, घाटवाटा तुडवणारे ट्रेकर, चिरेखाणीवाले आणि भूगोलाची परीक्षा तोंडावर आलेले विद्यार्थी भूखंडांच्या टकरीबद्दल जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. सह्याद्रीही हिमालयासारखा दोन भूखंडांच्या टकरीतून उभा राहिलाय का?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि त्याचं उत्तर घाटातच समोर दिसतं. कुंभार्ली किंवा आंबा घाट चढताना कड्याकडे नीट बघा. काळ्या दगडाचे थर एकावर एक, जवळपास आडवे, नजर पोहोचेल तिथवर तसेच गेलेले असतात. टकरीत सापडलेले थर असे राहत नाहीत. ते दुमडतात, तुटतात, एकमेकांच्या अंगावर चढतात.

सह्याद्रीचे थर म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वाहिलेला लाव्हा. त्यानंतर फार काळ गेला नाही आणि सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटला. त्या तुटीतून आपला पश्चिम किनारा आकाराला आला. म्हणजे इथली जमीन दाबली गेली नाही, ताणली गेली. किनाऱ्याकडची बाजू खाली वाकली, म्हणूनच मुंबई-पनवेलच्या पट्ट्यात लाव्हाचे थर समुद्राकडे कललेले सापडतात. तुटलेली उंच कड पावसाने आणि नद्यांनी झिजवत झिजवत पूर्वेकडे मागे नेली. आज आपण ज्याला सह्याद्री म्हणतो तो हा मागे सरकलेला कडा आहे. खालून बघितलं तर पर्वत, पण वर चढून गेलं की पलीकडे पठार. डोंगर उंच आहे एवढ्यावरून तो कसा झाला हे कधीच ठरत नाही. त्यासाठी थर बघावे लागतात.

२. मग हिमालय नेमका कसा झाला?

भारत दक्षिण गोलार्धातून उत्तरेकडे सरकत होता आणि त्याच्यापुढे टेथिस नावाचा समुद्र होता. त्या समुद्राचा तळ आशियाखाली जात राहिला आणि समुद्र अरुंद होत गेला. तेव्हा भारताचा वेग वर्षाला १५ सेंटिमीटरच्या वर गेला होता, भूपट्टांच्या (पृथ्वीच्या बाह्य कवचाच्या सरकत्या तुकड्यांच्या) मानाने तो फारच मोठा वेग. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा तळ संपला आणि भारताची उत्तर कड आशियाला भिडली. वेग झपाट्याने उतरला, पण भारत थांबला नाही. आजही तो वर्षाला ४ ते ५ सेंटिमीटरने आशियाच्या दिशेने सरकतो आहे.

ही टक्कर एका दिवसात, एका धक्क्यात झाली असं चित्र डोळ्यासमोर आणू नका. जिथे दोन भूखंड शिवले गेले ती रेषा लडाखमध्ये सिंधू नदीच्या आणि तिबेटमध्ये त्सांगपोच्या खोऱ्यातून जाते. त्या पट्ट्यात समुद्रतळाच्या काळपट हिरव्या खडकांचे तुकडे आज समुद्रापासून हजार किलोमीटरवर, तीन-चार हजार मीटर उंचीवर पडलेले आहेत. टेथिस समुद्र खरोखर होता याचा याहून ठळक पुरावा शोधायला नको.

३. समुद्राचा तळ खाली गेला, मग भारत का नाही गेला?

वजनामुळे. समुद्रतळाचा खडक जड असतो, थंड झाला की आणखी जड होतो आणि भूकवचाखालच्या जाड थरात, म्हणजे प्रावरणात, बुडतो. भूखंडाचा खडक पाण्याच्या सुमारे २.७ पट जड, तर प्रावरण सुमारे ३.३ पट. हलकी वस्तू जड वस्तूत सहजी बुडत नाही.

पण 'भूखंड कधीच खाली जात नाही' असं पाठ करू नका. लडाखमध्ये त्सो मोरिरी सरोवराच्या परिसरातल्या खडकांत कोएसाइट सापडलं आहे. हे गारेचंच एक रूप, पण ते ९० किलोमीटर किंवा त्याहून जास्त खोलीच्या दाबाखालीच तयार होतं. म्हणजे भारताची कड आधी तेवढी खाली ओढली गेली आणि नंतर हलकी असल्यामुळे परत वर आली. बाकीचा भारत तिबेटच्या दक्षिण भागाखाली कमी उताराने सरकला आहे. तिथे भूकवच सुमारे ७० किलोमीटर जाड आहे, नेहमीच्या जवळजवळ दुप्पट.

४. थ्रस्ट म्हणजे काय? साध्या फॉल्टपेक्षा त्यात वेगळं काय?

खडक तुटून दोन बाजू सरकल्या की त्या तुटीला फॉल्ट म्हणतात. अशी तिरकी तुटलेली जागा डोळ्यासमोर आणा. त्या तिरक्या पृष्ठभागाच्या वर एक खडक टेकलेला आहे आणि खाली दुसरा. जमीन ताणली गेली तर वरचा खडक उतारावरून खाली घसरतो. जमीन दाबली गेली तर तोच खडक उतारावरून वर ढकलला जातो. हा दुसरा प्रकार कमी उताराचा, ढोबळमानाने ३० अंशांच्या आतला असेल तर त्याला थ्रस्ट म्हणतात.

कमी उतार हीच त्याची ताकद आहे. उतार कमी म्हणून वरचा खडक आडवा खूप लांब जाऊ शकतो. त्यातून जमिनीची रुंदी घटते आणि जाडी वाढते. थ्रस्ट असलेल्या भागात खोल विंधन विहीर खणली तर एकच थर दोनदा लागू शकतो, एकदा वर आणि पुन्हा खाली.

५. डोंगराएवढा खडक दुसऱ्या खडकावर शंभर-शंभर किलोमीटर सरकतो हे पटत नाही. घर्षण आड येत नाही का?

शंका रास्त आहे. भूवैज्ञानिकांनाही तिने बरीच वर्षं छळलं. हिशोब केला तर एवढा जाड पत्रा मागून ढकलला की सरकण्याआधीच त्याचा चुरा व्हायला हवा. १९५९ साली हबर्ट आणि रुबी या भूवैज्ञानिकांनी दाखवलं की खडकाच्या छिद्रांत अडकलेल्या पाण्याचा दाब वरच्या खडकाचं बरंचसं वजन पेलतो. वजन पेललं गेलं की घर्षण घटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे मऊ थर. थ्रस्ट शेल (चिखलाचा झालेला खडक), मीठ किंवा जिप्समसारख्या कमकुवत थराची वाट धरतो आणि त्यातून आडवाच पुढे जातो. आणि तिसरी, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते : सगळा पत्रा एका वेळी सरकत नाही. एका भूकंपात एक तुकडा काही मीटर सरकतो, मग शंभर किंवा पाचशे वर्षं शांतता, मग शेजारचा तुकडा. हिमालयात वर्षाला साधारण २ सेंटिमीटर सरकणं साचतं. दहा लाख वर्षांत त्याचे २० किलोमीटर होतात.

६. हिमालयात असा एकच थ्रस्ट आहे की अनेक?

तीन मोठे आणि त्यांच्यामध्ये असंख्य छोटे. उत्तरेकडून दक्षिणेला येताना आधी मुख्य मध्य थ्रस्ट लागतो. तो २ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास जोरात होता. त्याच्या दक्षिणेला मुख्य सीमा थ्रस्ट, आणि अगदी पायथ्याशी, शिवालिक टेकड्या संपून मैदान सुरू होतं तिथे, मुख्य अग्र थ्रस्ट. हा शेवटचा आजही जिवंत आहे. खोलवर गेलं की तिन्ही एकाच जवळपास आडव्या पृष्ठभागाला मिळतात. त्या पृष्ठभागाखाली भारत आहे आणि वर हिमालय.

क्रम लक्षात घ्या : जुना थ्रस्ट मागे, नवा पुढे. भात झोडून झाल्यावर खळ्यात पसरलेलं भात लाकडी फावड्याने पुढे ढकललंत की आधी फावड्यालगत ढीग उंचावतो. एका ठरावीक उतारापर्यंतच तो उंच होतो, मग पुढचं भात हलायला लागतं आणि ढीग पुढच्या अंगाने वाढतो. पर्वतही असाच पाचरीसारखा वाढतो. उतार पुरेसा झाला की मागची तूट थंडावते आणि पुढे नवी तूट उघडते. शिवालिकच्या टेकड्या म्हणजे हिमालयातूनच वाहून आलेला गाळ, जो नंतर त्याच हिमालयाच्या पाचरीत ओढला गेला.

७. सर, वर्गात हे करून दाखवता येईल का? आमच्या शाळेत प्रयोगशाळा नाही.

येईल, आणि नक्की करा. १८८०च्या दशकात हेन्री कॅडेल या भूवैज्ञानिकांनी स्कॉटलंडमध्ये वाळू, माती आणि प्लास्टरचे थर पेटीत दाबून थ्रस्ट तयार करून दाखवले होते. तुम्हाला मासे ठेवायची जुनी काचेची टाकी पुरेल. तिच्या रुंदीची एक फळी एका टोकाला उभी धरा. उरलेल्या जागेत कोरड्या वाळूचा बोटभर थर, त्यावर रंगीत रांगोळीचा पातळ थर, परत वाळू, परत दुसऱ्या रंगाची रांगोळी, असे चार-पाच थर घाला. आता फळी अगदी हळू पुढे ढकला आणि मुलांना काचेतून बघू द्या. रांगोळीची रेघ आधी वाकते, मग तुटते, आणि तुटलेलं टोक दुसऱ्या टोकाच्या वर चढतं. थोडं आणखी ढकललं की पुढे दुसरी तूट दिसते.

समुद्रकिनाऱ्यावरची वाळू थेट वापरू नका. ती दमट आणि खारट असते, गठ्ठ्याने हलते. धुऊन, उन्हात दोन दिवस वाळवून, चाळून घ्या. पावसाळ्यात हा प्रयोग कोकणात जमत नाही; दिवाळीनंतर ठेवा.

८. जुना खडक खाली आणि नवा वर, हा नियम शिकलो. थ्रस्टमध्ये तो मोडतो का?

हो. म्हणूनच थ्रस्ट ओळखता येतो. स्वित्झर्लंडमध्ये ग्लारुसच्या डोंगरांत २५ ते ३० कोटी वर्षांचा खडक ३.५ ते ५ कोटी वर्षांच्या खडकावर बसलेला आहे आणि दोघांमधली रेघ कड्यावर लांबून, नुसत्या डोळ्यांनी दिसते. २००८ पासून ती जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आपल्याकडे अल्मोड्याला बघा. तिथले रूपांतरित खडक खालच्या, कमी बदललेल्या गाळाच्या खडकांवर एखाद्या बेटासारखे सुटे पडले आहेत. मूळ चादर उत्तरेकडून थ्रस्टवरून आली, मधला भाग झिजून गेला आणि हा तुकडा मागे राहिला. शिमल्याचीही गोष्ट अशीच.

९. देवघरातला शाळिग्राम समुद्रातला प्राणी आहे असं ऐकलं. खरं का?

खरं. शाळिग्राम नेपाळमध्ये मुक्तिनाथच्या परिसरात, काली गंडकीच्या पात्रात मिळतात. त्यांतले बरेचसे म्हणजे अमोनाइट या शंखवाल्या सागरी प्राण्यांचे जीवाश्म. डायनासोरच्या काळात हे प्राणी टेथिसच्या पाण्यात राहत होते. मेल्यावर तळाच्या काळ्या चिखलात गाडले गेले, चिखलाचा शेल झाला आणि टकरीत तो शेल उचलला गेला.

घरात फुटलेला किंवा मुळातच उघडा शाळिग्राम असेल तर उजेडात धरून बघा. आतलं चक्र बाहेरून मध्याकडे वळत जातं आणि त्याच्या कडेवर सारख्या अंतरावर उंचवटे असतात. हे शंखाचे वळसे. काहींत पिवळसर चकाकी दिसते, ती बहुधा पायराइट या खनिजाची. यामुळे पूजेत काही कमी होतं असं मला वाटत नाही. उलट जे आपण हातात धरतो ते किती दुरून आणि किती खालून वर आलंय हे कळतं.

एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक तर याहून कितीतरी जुना आहे, ४५ कोटी वर्षांच्या आसपासचा. त्यातही सागरी जीवांचे अवशेष आहेत.

१०. खडक कडक असतो. मग त्याला कपड्यासारख्या घड्या कशा पडतात?

खोलीवर तापमान आणि दाब जास्त असतात आणि वेळ लाखो वर्षांचा असतो, त्यामुळे खडक न तुटता वाकतो. पण बऱ्याच घड्या थ्रस्टमुळेच पडतात. मऊ थरातून आडवा जाणारा थ्रस्ट कडक चुनखडकाशी आला की तो कापून वर चढतो आणि पुन्हा पुढच्या मऊ थरात आडवा होतो. या चढावरून सरकताना वरच्या थरांना त्याच आकारात वाकावं लागतं. बाहेर आपल्याला फक्त कमानीसारखी घडी दिसते, तिच्या पोटातला थ्रस्ट दिसत नाही.

११. हिमालय अजून वाढतोय म्हणतात. मग एव्हरेस्टची उंची दरवर्षी किती वाढते?

काही मिलिमीटर. वर उचलणं आणि वरून झिजणं या दोन्ही गोष्टी एकदम चालू असतात, म्हणून सगळी वाढ उंचीत दिसत नाही. २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर.

उंची नेहमी वाढतेच असंही नाही. २५ एप्रिल २०१५ चा नेपाळचा ७.८ तीव्रतेचा भूकंप तिन्ही थ्रस्ट खोलवर ज्याला मिळतात त्या पृष्ठभागावरच (प्रश्न ६) झाला. त्यात काठमांडूचं खोरं सुमारे एक मीटर वर आलं, पण त्याच्या उत्तरेकडची उंच शिखरं असलेली पट्टी खाली बसली. दोन भूकंपांच्या मधल्या काळात उत्तरेकडची बाजू दाबाने हळूहळू फुगते. भूकंपात खडक पुढे निसटला की ती बसते आणि पुढची बाजू उचलली जाते.

१२. आमच्या चिरेखाणीत / घाटातल्या कापणीत तिरकी फट आहे. थ्रस्ट असेल का?

फोटोंसह आलेले असे प्रश्न मी नेहमी वेळ देऊन बघतो, कारण विचारणाऱ्याने खरोखर कातळापाशी उभं राहून पाहिलेलं असतं. जांभ्यातली फट जवळजवळ कधीच थ्रस्ट नसते. जांभा मुळात दुसऱ्या खडकाचा पाऊस-उन्हाने सडून झालेला दगड. त्यात मूळचे थर उरलेले नसतात, आत पोकळ्या असतात, आणि पोकळी बसली की वरचा भाग तिरका तुटतो. भिंतीवरच्या समांतर रेघाही फसवतात. चिरे कापायच्या यंत्राचं पातं फिरतं तेव्हा त्याच्या दातांच्या रेघा दगडावर राहतात. फॉल्टवरच्या घसटीच्या रेघा आणि या रेघा लांबून सारख्याच दिसतात, पण पात्याच्या रेघा ताज्या कापलेल्या प्रत्येक तोंडावर असतात. घसटीच्या रेघा फक्त त्या एका फटीच्या पृष्ठभागावर.

घाटातल्या काळ्या दगडात तपासणं सोपं आहे. लाव्हाच्या दोन थरांमध्ये बऱ्याच ठिकाणी भाजलेल्या लाल मातीचा पट्टा असतो, हातभर किंवा त्याहून कमी जाड. तो पट्टा फटीपर्यंत बोटाने धरत न्या. पलीकडे तो त्याच उंचीवर सुरू होत असेल तर तिथे काहीच सरकलेलं नाही, ती नुसती सांध आहे. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला असे सांधे पडतात. पट्टा पलीकडे खाली किंवा वर सापडला तर मात्र तो फॉल्ट. आता फटीच्या वर टेकलेला भाग कुठे गेलाय ते बघा (प्रश्न ४). तो खाली गेला असेल तर ताणाचा फॉल्ट, आणि आपल्या किनाऱ्यालगत असेच जास्त असतात. फोटो पाठवताना मापासाठी हातोडी किंवा पाण्याची बाटली ठेवा आणि दिशा लिहा. कापणीखाली उभं राहून फोटो काढू नका, पावसाळ्यात तर अजिबात नको.

१३. म्हणजे कोकणात दाबाने दुमडलेला खडक कुठेच नाही?

आहे, सिंधुदुर्गात. दक्षिणेकडे लाव्हाची चादर संपते आणि तिच्याखालचे खूप जुने खडक उघडे पडतात. रेडीच्या लोहखनिजाचे पट्टेदार खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने आहेत आणि त्यांच्या पट्ट्यांना सुरेख वळ्या पडलेल्या आहेत. तेव्हा इथेही जमीन जबरदस्त दाबली गेली होती. पण ती हालचाल सह्याद्रीच्या लाव्हाहून कितीतरी आधीची. आजच्या घाटांच्या उंचीशी तिचा संबंध नाही. कासार्डे भागात जिथे सिलिका वाळू काढतात, तो कलादगी गटाचा वालुकाश्म या दोघांच्या मधल्या काळातला.

१४. कोयनेचा भूकंप थ्रस्टमुळे झाला का? आणि किल्लारीचा?

कोयनेचा नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या त्या भूकंपात खडक मुख्यतः एकमेकांना घासत आडवे सरकले. धरणाच्या जलाशयाचा त्या भूकंपाशी संबंध जोडला जातो. तिथे केलेल्या खोल छिद्रांपैकी एकात ९००हून जास्त मीटर लाव्हाखाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला. भूकंप होतात ते या खालच्या खडकात.

किल्लारीचा मात्र दाबाचाच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जन आटोपून गावं झोपलेली असताना, वरचा खडक खालच्यावर चढला. तीव्रता ६.२, बळी सुमारे दहा हजार. आसपास एकही पर्वत नाही. हिमालयापाशी भारत अडतो तेव्हा तो दाब सगळ्या भूपट्टातून मागे दक्षिणेपर्यंत पोहोचतो आणि जुनी कमजोर जागा सापडली की तिथे मोकळा होतो. टकरीपासून पंधराशे किलोमीटरवरची माणसंही त्या टकरीच्या आवाक्यात असतात, हे मराठवाड्याने फार महागात शिकलं. बांधकामाचे नियम पाळायला आपल्याकडे कुणी 'इथे कुठला हिमालय?' असं म्हणत असेल तर त्याला किल्लारी सांगा.

१५. आपल्या किनाऱ्याला थ्रस्टचा थेट धोका आहे का?

आहे, पण समुद्रातून. पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यासमोर अरबी भूपट्टाचा समुद्रतळ आशियाखाली जातो. ही भूखंडांची टक्कर नव्हे, पण तूट थ्रस्टचीच. २८ नोव्हेंबर १९४५ ला तिथे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या. मुंबईतही माणसं दगावली. थ्रस्ट समुद्रतळ उभा उचलतो, म्हणून त्याच्यावरचं पाणीही उचललं जातं. आडव्या सरकणाऱ्या फॉल्टमुळे एवढं पाणी सहसा हलत नाही.

हैदराबादहून इन्कॉइस ही संस्था त्सुनामीचा इशारा देते. इशाऱ्याची वाट बघत बसायची वेळ नसेल तर एवढं करा : ओहोटीची वेळ नसताना पाणी अचानक लांब ओसरलं की मासे, होड्या, जाळी काही बघू नका, सरळ वरचा सडा (कातळाचं पठार) गाठा.

१६. राजापूर, तुरळ, उन्हवरे इथले गरम झरे त्याच दाबामुळे तापतात का?

नाही. पावसाचं पाणी किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या भेगांतून खोल उतरतं, तिथल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. ज्वालामुखीही नाही आणि थ्रस्टही नाही.

१७. टकरीच्या पर्वतात ताणाचे फॉल्ट कसे? एव्हरेस्टवर असा फॉल्ट आहे असं वाचलं.

बरोबर वाचलंत. एव्हरेस्टच्या माथ्याजवळून दक्षिण तिबेट डिटॅचमेंट नावाचा कमी उताराचा फॉल्ट जातो. तो दिसायला थ्रस्टसारखा, पण त्यावर वरचा खडक उत्तरेकडे, म्हणजे खाली सरकला आहे. त्यामुळे माथ्यावरचा जवळपास न बदललेला चुनखडक खोलीवर तापून निघालेल्या खडकांवर येऊन बसला. हे सरकणं झालं तेव्हा खाली मुख्य मध्य थ्रस्टही चालू होता (प्रश्न ६). दोघांच्या मधली गरम, मऊ चादर दक्षिणेकडे बाहेर पडत होती : तिच्या तळाशी थ्रस्ट, माथ्याशी ताणाचा फॉल्ट.

तिबेटमध्ये तर उत्तर-दक्षिण जाणाऱ्या खचदऱ्याही आहेत. एवढं जाड आणि उंच झालेलं पठार स्वतःच्या वजनाने पूर्व-पश्चिम पसरतं आहे. म्हणून एखाद्या ठिकाणी ताणाचा फॉल्ट सापडला तर तेवढ्यावरून 'हा टकरीचा पर्वत नाही' असं लिहू नका, परीक्षेतही नको. कुठल्या दिशेने ताण आणि कुठल्या दिशेने दाब, हे दोन्ही बघून मगच उत्तर लिहा.